अपडेट येणं बंद झालं आणि मी निवांत राहिलो

मित्रांनो, आज कामात मन लागून नाही राहिलं.

नवेगाव बांधला ताईचं झेरॉक्सचं दुकान आहे. गावचे लोक दाखले स्कॅन करून तिच्याच कॉम्प्युटरवर ठेवतात. त्यावर विंडोजऐवजी फुकटची लिनक्स मीच टाकली होती.

मागं ताईनं फोनवर विचारलं, "काऊन रे, आता अपडेट येतच नाही?"

मी इकडे हैदराबादेतून म्हटलं, "सगळं ठीक असंल, म्हणून नाही येत."

आज कोणीतरी नेटवरून घुसून सगळ्या फायली लॉक केल्या. मग मी वाचलं. ताईकडच्या लिनक्स व्हर्जनची मुदतच संपली होती. सुरक्षेच्या दुरुस्त्या आता फक्त नव्या व्हर्जनला मिळतात.

ताई रागावली नाही. "लोकायले काय सांगू, तेवढं सांग," म्हणाली.

तुम्ही काय सांगितलं असतं?