रोपाला रागावणाऱ्या बाई

आमच्या विज्ञानाच्या बाईंना आम्ही पाठीमागे ‘करवत’ म्हणायचो, आवाजच तसला! गटाने फिल्म करायची म्हटली की त्यांचा एकच नियम: शेवटी कोणी काय केलं ते लिहायचं, आयतोबाला शून्य.

आम्ही चौघांनी वर्गातल्या कुंडीत घेवड्याचं बी लावलं आणि समोर शाळेचा टॅब ठेवला. तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप फोटो काढायचा. पाणी दुसरं कोणीतरी घालतंय, असं प्रत्येकजण धरून चालला होता. फोटो जोडून फिल्मही टॅबनेच केली, आम्ही फक्त शेवटी कोणी काय केलं ते लिहिलं. आधी बघायची तसदी कोण घेणार!

वर्गात फिल्म लागली. कोंब वर आला, आणि मध्येच रिकाम्या वर्गात बाई! एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हाताचं बोट कोंबावर उगारलेलं, अगदी आमच्यावर उगारतात तसं. पहिलं पान फुटलं तेव्हा तर बाई चक्क नाचत होत्या. वर्गात हशा पिकला.

शेवटी पडद्यावर आलं: ‘पाणी: आम्ही सगळे’. आमची पाचावर धारण बसली.

“पाण्याचे चौघांनाही शून्य,” करवत चालली. मग आवाज एकदम खाली आला. “आणि तो नाच पुन्हा लावा रे जरा.”