राखणीचा घोट

शिमगा जवळ आला की आमच्या वाडीतल्या बायका धास्तावतात. पुरुषांना हे पटत नाही. पालखी आहे, ढोल आहे, मुंबईची माणसं घरी येतात, आणखी काय पाहिजे, असं ते विचारतात. आणखी काही नको, असलेल्यातलीच एक गोष्ट वजा करा, असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून मनात म्हणत आले. मोठ्याने म्हणून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी.

वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला आहे. आम्ही राहतो महाडला. मी शाळेत शिकवते, नवरा कंपनीत आहे. सासूबाई मात्र वाडीतच राहतात आणि खाली यायचं नाव काढत नाहीत. सासरे मी या घरात येण्याआधीच गेले, दारूने. नवऱ्याचीही पावलं त्याच वाटेवर पडत होती. गेल्या गणपतीत, गौरीच्या तिखटाच्या, म्हणजे मटणाच्या जेवणानंतर, त्याला रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी त्याला जसंच्या तसं ऐकवलं. गोड करून सांगायचा माझा स्वभाव नाही. त्यानंतर त्याने थेंब घेतला नाही. एक घोट पोटात गेला की आपण थांबणार नाही, हे तो स्वतःच म्हणायचा, आणि मला ते शंभर टक्के खरं वाटायचं.

तर असा हा त्याचा पहिला कोरडा शिमगा. त्याने स्वतःच्या हाताने कोकमाचं सरबत केलं, टोप भरून, आणि ओटीवर मांडलं. मुंबईहून आलेले चुलतभाऊ गोठ्यामागे बाटली घेऊन बसले होते. ते येता-जाता टोमणे मारायचे. ‘काय रे, माळकरी झालास काय? का वहिनीने दावणीला बांधलाय?’ तो हसायचा आणि त्यांच्याच हातात सरबताचा पेला द्यायचा. दोघातिघांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं, पण हे कबूल करायला कोणी तयार नव्हतं.

पालखी आमच्या दारात आली तेव्हा त्याने खांदा दिला. दरवर्षी त्याला कोणीतरी बखोटीला धरून बाजूला करायचं आणि मी स्वयंपाकघरात तोंड लपवायची. यंदा तो ढोलाच्या ठेक्यावर नाचला, घामाने निथळेपर्यंत नाचला, आणि सासूबाईंनी देवीची ओटी भरली तेव्हा पालखी डुलू न देता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना कोणाच्या दारात पालखी कशी नाचली, कोणाचा ठेका चुकला, हे तो मला रंगवून सांगत बसला. त्याला आदला दिवस आठवत होता. लग्न झाल्यापासून शिमग्यात असं पहिल्यांदाच होत होतं. मी फार आनंदात होते.

पण शेवटच्या दिवशीची राखण बाकी होती. वाडीच्या शिवेवर एक शेंदूर लावलेला दगड आहे, तो आमचा राखणदार. गुरंवासरं, माणसं, रान, सगळं तो सांभाळतो अशी वाडीची श्रद्धा. शिमगा संपताना त्याला कोंबडा आणि नारळ देतात, भोवती दारूची धार धरतात. मग ज्या घराची पाळी असेल त्या घरच्या माणसाने उरलेल्यातला पहिला घोट ओंजळीतून घ्यायचा. त्याने घेतल्याशिवाय इतरांना प्रसाद नाही आणि राखण पोहोचली असं कोणी मानत नाही. यंदा पाळी आमची होती, आणि घरात दुसरा पुरुष नव्हता.

गावकी आमच्या ओटीवर बसली तेव्हा नवऱ्याने विचारून पाहिलं, नारळाच्या पाण्याचा घोट चालेल का? गावकीचे थोरले म्हणजे त्याचेच चुलते. ते रागावले नाहीत, समजावणीच्या सुरात बोलले. ‘देवाचा घोट हाय तो, दारू नाय. आन उद्या कुणाच्या गोठ्यात वाघरू शिरलं, तर लोक कुणाला बोलतील? तुझ्याच घराला ना?’ मला मात्र संताप आला. रक्ताची उलटी झाली तेव्हा हा राखणदार कुठे गेला होता, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सासूबाई भाकरी थापत सगळं ऐकत होत्या.

राखणीच्या जागी बायका जात नाहीत. ऊन कलल्यावर पुरुष गेले आणि आम्ही अलीकडे शेताच्या बांधावर उभ्या राहिलो. तिथून सगळं दिसतं. कोंबडा झाला, नारळ झाला, धार झाली. मग चुलत्यांनी नवऱ्याच्या ओंजळीत दारू ओतली. तो ती ओंजळ धरून नुसता उभा राहिला. खाली टाकता येत नव्हती, तोंडाला लावता येत नव्हती. बोटांतून थेंब गळत होते. शेजारी पाहिलं तर सासूबाई नव्हत्या. त्या बांध उतरून चालू लागल्या होत्या.

‘वहिनी, माघारी जा,’ चुलते ओरडले. ‘बायमाणसाची जागा नाय ही.’

‘भावजी, पाळी कुणाची हाय?’

‘तुमच्या घराची.’

‘घराची ना? मंग मी त्या घरची नाय?’

त्यांनी मुलाचं मनगट धरलं, वाकल्या, आणि त्याच्या ओंजळीला तोंड लावून ती दारू प्याल्या. जन्मात कधी न शिवलेली. मग पदराने त्याचे हात पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, वासही राहू नये म्हणून. चुलत्यांनी मान खाली घालून प्रसादासाठी स्वतःची ओंजळ पुढे केली, म्हणजे राखण पोहोचली.

घरी आल्यावर सासूबाई मागल्या दारी बसून चुळा भरत राहिल्या. मी गुळाचा खडा दिला, तो त्यांनी हातातच ठेवला. नवरा येऊन चौकटीपाशी उभा राहिला.

‘लय कडू हाय गो,’ त्या मला म्हणाल्या. ‘घशात आग पडली. मला जन्मभर वाटायचं, गोड आसंल. माझ्यापरीस, लेकरापरीस गोड काय तरी आसंल त्यात, म्हणून तर तुझे सासरे सगळं सोडून तिकडं जायचे.’

मग सासूबाई मुलाकडे वळल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सासऱ्यांसाठी त्या रडल्याचं मी कधी ऐकलंही नव्हतं.

‘तू पीत व्हतास ना? तुला ठावं आसंल. सांग रे, कशापायी गेला तुझा बाप?’

तो त्यांच्याजवळ खाली बसला. त्यांच्या हातातला गुळाचा खडा घेऊन त्याने त्यांच्या ओठांपाशी धरला.