ओलं फडकं

पुण्याला येऊन इतकी वर्षं झाली, तरी कपडे वाळत घालण्याआधी मी तारेवरून ओलं फडकं फिरवतेच. आज फडकं जरा काळं झालं आणि मला राजूर आठवलं.

लग्न होऊन तिथे गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी नवऱ्याचा पांढरा सदरा तारेवर टाकला आणि त्यावर काळा पट्टा उमटला. कोळशाच्या खाणीची धूळ. भातातसुद्धा ती दाताखाली कचकचायची. हे काय राहायचं गाव आहे, म्हणत मी दारातच रडायला बसले.

शेजारच्या कांताबाईंनी तो सदरा उचलून पुन्हा धुतला.

"रडून कायले राह्यली, बाई? आपल्या गल्लीत जे पहिले उठते, ते सगळ्याइच्या तारा पुसते. आज मीच उशिरा उठली, म्हनून तुयी तार राह्यली."

धूळ खाणीची, आणि चूक मात्र त्यांनी स्वतःची मानली. दुसऱ्या दिवशी मी अंधारातच उठले, तर कांताबाई माझ्या तारेपर्यंत पोचल्याही होत्या.

इथे शेजारच्या गॅलरीतली तार माझ्या हाताला सहज लागते. इतक्या वर्षांत माझं फडकं तिथवर कधी गेलं नाही.