आधी धू, मग उजेड दाखव

धुतलेली दुर्बीण खिडकीशी धरून सुरेखाबाई इतक्या बारकाईनं न्याहाळत, की तांदूळ निवडणारी बाई आठवावी. नाकातून घशापर्यंत घालायची ती बारीक, लवचिक दुर्बीण. कवठे महांकाळला त्यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना होता आणि मी तिथं नर्स होते. धुऊन झालं की दुर्बीण अतिनील किरणांच्या पेटीत जाई. उरलेसुरले जंतू तिथं मरत. पेटीच्या भरवशावर मी धुण्यात घाई केली, की बाई म्हणत, “आधी धू, मग उजेड दाखव. मळाखाली उजेड पोचत न्हाई गं.”

पुण्यात शिकूनही त्यांनी बोली सोडली नव्हती. घर मेंढरांमागं हिंडणारं. थोरल्या भावानं, तात्यांनी, शाळा सोडून मेंढरं सांभाळली, म्हणून बाई शिकू शकल्या. तात्यांचा शब्द त्यांनी कधी मोडलेला मी पाहिला नव्हता.

एका सकाळी त्यांनी एका म्हाताऱ्याचा घसा तपासला. टीबीचा संशय होता. दुर्बीण धुऊन पेटीत ठेवली, तर पेटी सुरूच होईना. औषधी द्रावणात बुडवून ठेवायची जुनी सोय होती, पण त्या द्रावणाची मुदत संपलेली. आणि बाहेर बाकावर तात्या बसले होते. त्यांचा आवाज बरेच दिवस बसला होता. बहिणीनं लय आग्रह केला, तेव्हा कुठं आले होते.

बाई बाहेर आल्या. “तात्या, आज दुर्बीण घालता येत न्हाई. पेटी बंद पडलीया.”

“सुरे, मी घरचाच हाय की. पुसून घे अन् बघ.”

“घरचं हायसा म्हणूनच न्हाई म्हणतीया.”

“आदल्या माणसाला काय झालंय?”

“ते मी सांगायची न्हाई.”

तात्या उठले, पटका सारखा केला. “दारातनं परत लावाया शिकवलं व्हय तुला?” म्हणाले आणि चालू लागले. बाईंनी त्या दुपारी डबा उघडला नाही.

पेटी आठवड्यानं दुरुस्त झाली. तात्या फोन घेईनात. शेवटी बाई मला घेऊन गाडीनं माळावर गेल्या. मेंढरांच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, “तात्या, रागवा. पण गाडीत बसून रागवा.”

तात्या हसले नाहीत, पण बसले.

स्वरयंत्रावर लहानशी गाठ होती. तुकडा तपासायला पाठवला, तर कर्करोग निघाला. अहवाल हातात घेऊन बाई मला म्हणाल्या, “त्या दिवशी बघितलं असतं तर आठवडा वाचला असता.” पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, की गाठ वेळेत सापडली आहे, आठवड्यानं काही बिघडलेलं नाही. तेव्हा बाई तिथल्याच जिन्यात बसून रडल्या. त्या म्हाताऱ्याचा टीबी नंतर पक्का ठरला. तात्यांना तेही त्यांनी कधी कळू दिलं नाही.

तात्या बरे झाले. मी पुढं मुलीकडं वाईला राहायला आले. यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी फोन वाजला. आवाज घोगरा होता, पण शब्दन् शब्द कळत होता.

“मी तात्या बोलतुया. सुरी गेली गं. झोपंतच गेली. म्हणलं, तुला मीच सांगावं.”