सपाट केलेली पांढर

आमच्या गावाचं वय कुणालाही विचारा, तो बेधडक पांडवांपर्यंत जाऊन पोचतो. मला याचा लहानपणापासून राग आहे. कोरेगावच्या बाजूला माझं माहेर. तिथं ओढ्यापलीकडं एक उंचवटा होता, त्याला सगळे पांढर म्हणायचे. गाव आधी तिथं होतं, एकदा जळालं आणि लोक अलीकडं येऊन राहिले, एवढंच सर्वांना ठाऊक. कधी जळालं, कुणी जाळलं, की चुलीतली ठिणगीच उडाली, असं विचारलं की उत्तर एकच: "आगं, लय जुनं हाय त्ये." मी जन्मभर वाईच्या शाळेत इतिहास शिकवला. हडप्पाची गटारं मुलांकडून पाठ करून घेतली, आणि माझेच पूर्वज कशानं उठले ते मला सांगता येत नव्हतं.

पांढरीची भक्ती मात्र उदंड. लग्नाची पहिली अक्षत तिला. चैत्रात तिथल्या देवीपुढं नारळ फोडायचा आणि घरटी एक पाटी माती नेऊन शेतात टाकायची, जुन्या गावाचा प्रसाद म्हणून. माती राखेची, शेणाची. पिकाला मानवते हेही खरं. पण पाटीची ट्रॉली कधी झाली, कुणी लक्षच दिलं नाही. शेतात आल्याच्या पिकाच्या सऱ्यांतून खापऱ्या वर यायला लागल्या तेव्हा मी थोरल्या भावाशी भांडले. तो म्हणाला, "पांढर आपल्याला खाऊ घालतीया. तुझ्या का पोटात दुखतंय?"

शेवटी पुण्याहून उत्खननाचं काम करणाऱ्या एका बाईंना मी विनवण्या करून तिथं नेलं. ट्रॉल्या भरताना उभी कापली गेलेली कड होती, तिच्याशी त्या बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. बोटानं दाखवत गेल्या: ही शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर राख, खाली आणखी एक जमीन. आणि त्याच्याही खाली धान्य साठवायचं पेव, आत जळून काळे पडलेले दाणे. ज्वारी चक्क ओळखू येत होती.

"हे दाणे तुमच्या जुन्या गावाचा काळ सांगतील," त्या म्हणाल्या. "आणि भोवतीचे थर नीट उकलले तर आग एका घराला लागली की सगळ्या गावाला, तेही कळेल. पण परवानगीशिवाय मला एक दाणा उचलता येणार नाही."

त्यांनी पेवावर पुन्हा माती लोटली. भावाला हात जोडून म्हणाल्या, "दादा, ही जागा जपा. येताना मोठी माणसं घेऊन येते." भावानं पांढरीची शपथ घेतली.

परवानगी यायला बरेच महिने गेले. आली, तशी मी त्यांच्याबरोबर निघाले. ओढा ओलांडला आणि मला उंचवटाच दिसेना. मैदान झालं होतं. कडेला फरशी, वर पत्र्याची शेड, देवीला नवा रंग, गाड्या लावायला चुन्याच्या रेघा. गावकरी हार घेऊन उभे.

भाऊ हसत पुढं आला. "या मॅडम! मोठी मानसं येनार म्हनल्यावर खाचखळग्यात कशी बसवायची? जेसीबी लावून समदं सपाट केलं. माती घरटी सारखी वाटली, कुनावर अन्याव न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चारचौघांत ओरडले, "दादा, शपथ कसली घेतली होतीस?"

"जपायची! त्येच तर केलं की."

त्याला खरंच काही कळत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. लबाडी केली असती तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

बाईंनी हार हातात घेतला. हळूच विचारलं, "आणि ते दाणे?"

"त्ये उकिरड्यावर कसं टाकायचं? देवाच्या जागंतलं जळकं धान्य. भटजीस्नी इचारलं, पोत्यात भरलं, हळदकुंकू वाहिलं आन् वाईला नेऊन किस्नामाईत सोडलं." मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ही हाय की साक्षीला."

मी? आणि मग आठवलं. दिवाळीनंतर भाऊ चार गावकऱ्यांना घेऊन जीपनं वाईला माझ्या घरी आला होता. "देवाचं काय काय हाय, सोडायचंय," म्हणाला होता. मला वाटलं, जुन्या तसबिरी, निर्माल्य असेल. नदी घाण करता म्हणून दोन शब्द सुनावलेही. पोतं जिन्याखाली ठेवलेलं. त्याच्या शेजारून ये-जा करत मी त्यांना जेवू घातलं, आग्रह करकरून पोळ्या वाढल्या. निघताना पोत्याचं तोंड सैल दिसलं. घाटाच्या पायऱ्यांवर सांडेल, नीट आवळा, असं बजावून सुतळी मीच शोधून दिली.