मोहरीच्या पुडीतला वकील

रविवारी इकडे परदेशात, अवोन्डेलच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या खोक्यात हात घातला आणि त्या पिवळ्या कागदाच्या वासासरशी मी थेट वडिलांच्या किराणा दुकानात जाऊन पोचले.

तिथे रद्दीतून एकदा एक इंग्रजी चरित्र आलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीचा अमेरिकन माणूस, आधी सैनिक, मग वकील, शेवटी कायदेमंडळाच्या निवडणुकीला उभा. मी सातवीनंतर घरीच होते. शब्दकोश घेऊन वाचायचे आणि दुपारी शेजारच्या मालतीकाकूंना पुढची गोष्ट मराठीत सांगायचे. आणि नेमकं निकालाचं पान वडिलांनी फाडून मोहरीच्या पुडीला वापरलं. पुडी गेली काकूंकडेच.

मी धावत गेले. "अगं, चुलीत नाही घातलं अजून," म्हणत काकूंनी मोहरी डब्यात ओतली. पान उलगडलं, तर खालचा निकालाचा तुकडाच नव्हता. काकू पदर सावरून बसल्या. "आला ना गं निवडून?"

"आला की काकू. भरघोस मतांनी."

त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. संध्याकाळपर्यंत आळीभर बातमी झाली. फाटलेलं पान त्यांनाही दिसत होतं, हे मात्र आत्ता कुठे माझ्या लक्षात येतंय.

बॉटनी उपनगरातल्या घरी आल्यावर नातीला, मीराला, हे सांगितलं. त्या माणसाचं नाव मला अजून पाठ आहे. तिने लगेच फोनमध्ये शोधलं.

"आजी, ही लॉस्ट. बाय हीप्स. खूप मतांनी."

"तिकडे हरला असेल," मी म्हटलं. "आमच्या आळीत तो निवडून आलेला आहे."