सेव्हसरांचा नावाडी

पंख्याचा वेग जरा मंदावला की सरांचा चेहरा उतरायचा. आम्हाला पंख्यात काही फरक दिसत नसे, पण सर तोवर बाकाबाकांमधून फिरत "सेव्ह केलं का? तू केलंस? आणि तू?" करत सुटलेले असत. बारामतीत स्टँडजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि वीज तिथे पाहुणीसारखी यायची-जायची. सरांना चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते सर्टिफिकेटवरच्या सहीपुरतं. एरवी ते सेव्हसर.

काळजी काही विजेपुरतीच नव्हती. मी निमगाव केतकीहून यायची. क्लास सुटला की सर जिन्यापर्यंत येऊन विचारायचे, "पास घेतलास? छत्री? गाडी चुकली तर कुठे थांबशील?" वय तिशीच्या आतलं आणि काळजी सासुरवाशिणीच्या आईची. एरवी ते अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. घाबरले की मात्र त्यांचं गाव, लासुर्णे, तोंडातून बाहेर पडायचं. 'आहे'चं 'हाय' झालं की आम्ही ओळखायचो, आज काहीतरी बिनसलंय.

सरांचा जीव एका गेममध्ये अडकला होता. स्वतः शिकत असताना त्यांना त्याच्या फ्लॉप्या मिळाल्या होत्या. एका राज्यातली नदी आटते आणि चौघे तिचा उगम शोधायला निघतात. वाटेत माणसं भेटतात, त्यांच्याशी बोलायचं, कुणावर विश्वास ठेवायचा ते आपण ठरवायचं. त्यात एक म्हातारा नावाडी होता. नदीच उरली नाही, तरी हा नाव सोडत नाही. शेवटी डोंगराच्या पोटातला दरवाजा उघडायला तो एकटा आत जातो. तिथे शेवटची फ्लॉपी घालावी लागे, आणि सरांकडची नेमकी तीच खराब निघाली. म्हातारा आत गेला तो गेलाच. त्याचं पुढे काय झालं, हे सरांना कधी कळलं नाही.

पुढे क्लासमध्ये नवी मशिनं आली. त्यांचा वेग इतका, की जुना गेम लावला तर राक्षस दिसायच्या आत आपण मेलेलो असायचो. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. सरांनी तो अख्खा गेम पहिल्यापासून लिहायला घेतला, आणि तोही मराठीत. अक्षरं आम्ही आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढून दिली. त्यातला 'ळ' माझा, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

राक्षस होते तसेच राहिले. नावाडी मात्र बदलला. सरांचे वडील, आबा, कालव्यावर पाटकरी होते. जन्मभर दारं उघडायची, पाणी वाटायचं, आणि ते कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला, पोचलं की नाही हे चालत जाऊन बघायचं. सरांच्या नावाड्याच्या डोक्याला आबांचा टॉवेल आला, तोंडात आबांची बोली आली. शेवट ठाऊक नव्हता, म्हणून सरांनी आपला जोडला. म्हातारा दरवाजातून बाहेर येतो आणि घरी जातो.

अशात आबांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. नेमका त्याच आठवड्यात माझ्या दादाने पुण्याहून एक सीडी आणली. खुद्द कंपनीनेच तो जुना गेम नव्याने सजवून बाजारात आणला होता! रंग, संगीत, खळाळता आवाज, काय नव्हतं त्यात? आम्ही सगळ्या मुली मशिनवर तुटून पडलो. सर दारातच उभे होते.

"लई भारी हाय," ते म्हणाले. ते 'हाय' ऐकून मी वळून पाहिलं.

क्लास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "तू खेळ पुरा. पन म्हाताऱ्याचं काय हुतं ते मला सांगू नगंस. आबांचं ऑपरेशन हू दे, मग सांग. मी असलं काय मानत न्हाय, आमच्या घरात कुणीच मानत न्हाय. पन आत्ता नगं."

मला हसू यायला हवं होतं, कारण मुहूर्त बघून मशिनची पूजा करणाऱ्यांची हेच सर टिंगल करायचे. पण हसू आलं नाही.

मी खेळले. दरवाजा उघडतो, पाण्याचा लोंढा येतो आणि म्हाताऱ्याला घेऊन जातो. नदी भरते, गावोगाव लोक नाचतात, आणि त्याचं नावही कुणी काढत नाही. त्या दिवसापासून सरांची काळजी मला लागली. ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी कीबोर्डकडे. मला राहून राहून वाटायचं, त्यांना कळलंय.

पुण्याला निघायच्या दिवशी एसटीला वेळ होता म्हणून आबा क्लासमध्ये आले. जिन्यात दम खात खात चढले. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि आपला गेम लावला.

"ह्यो तर मीच की रं!" आबा खूश झाले.

नावाडी आत गेला, बाहेर आला, घरी गेला. आबा पडद्याकडे बघतच राहिले.

"मग? पानी कुठं हाय?"

म्हाताऱ्याला घरी आणायच्या घाईत सर नदी भरायची विसरले होते!

"म्हातारा घरी जाऊन बसला, आन टेलची मानसं तशीच कोरडी व्हय?" आबा हसायला लागले. आम्हीही हसलो, आणि कितीतरी दिवसांनी सरही हसले. उठताना आबा म्हणाले, "म्या येईस्तोवर पानी सोडून ठेव."

आबा आले नाहीत. ऑपरेशन झालं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत.

सर परत आले ते डोकं भादरलेले, वाळलेले. माझ्याजवळ स्टूल ओढून बसले. "सांग आता." मी सांगितलं. दुसरं काय करणार? त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"आन पानी?"

"शेवटच्या गावापर्यंत पोचतं, सर."



आम्हाला वाटलं, आता सर हा नाद सोडणार, नाहीतर कंपनीसारखाच शेवट करणार. पण ते रोज मशिनला चिकटून बसायला लागले. नदी एकेक चौकट निळी होत खाली सरकत होती, एकेका गावाला पोचत होती. पुरं झालं तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून बसवलं. दरवाजा उघडला. लोंढा आला. पाणी पार शेवटच्या गावात गेलं. आणि मग दरवाजातून, टॉवेल पिळत, म्हातारा बाहेर आला आणि काठाकाठाने घराकडे चालू लागला.

आमच्यातली एक न राहवून म्हणाली, "सर, हे चुकलं. कंपनीच्या गेममध्ये तो बुडतो."

सरांची नजर पडद्यावरून हलली नाही.

"त्यांच्या म्हाताऱ्याला पवायला येत नसंल," ते म्हणाले. "माझ्या म्हाताऱ्याला येतं."